रजेच्या अर्जातला 'कारण' हा रकाना

संचालक, व्यवस्थापक आणि मनुष्यबळ विभागातील मंडळी,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्याकडे 'कर्मचारी स्वास्थ्य सप्ताह' झाला. तुमच्याकडेही झाला असेल. भिंतीवर पोस्टरं लागली, प्रत्येकाला फिकट हिरव्या रंगाची पाण्याची बाटली मिळाली आणि बुधवारी संध्याकाळी, शिफ्ट संपल्यावर, 'ताणावर मात' नावाचं सत्र झालं. उपस्थिती अनिवार्य. प्रशिक्षक गोड स्वभावाचे होते. त्यांनी डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितलं. मी पर्यवेक्षक, त्यामुळे माझा एक डोळा उघडाच. समोरच्या रांगेतली मुलगी डोळे मिटल्या मिटल्या झोपली. खरोखरीच झोपली, मान छातीवर टेकवून. ती आदल्या रात्रीच्या शिफ्टला होती. सकाळी घरी जाऊन या सत्रासाठी पुन्हा आली होती. प्रशिक्षकांच्या ते लक्षात आलं, पण त्यांनी तिला उठवलं नाही. त्या सप्ताहात तिच्या स्वास्थ्यासाठी कोणी काही केलं असेल, तर ते एवढंच.

या पत्रात कुठल्याही संस्थेचं नाव नाही, आणि ते शोधण्याच्या भानगडीत पडू नका. मी तीन ठिकाणी नोकरी केली, तिन्ही ठिकाणी ग्राहक तक्रार विभागातच. एकवीस वर्षं झाली. पहिली सहा हेडसेट लावून गेली, पुढची पंधरा हेडसेट लावलेल्यांच्या मागे उभं राहून. तेव्हा पुढे जे गाऱ्हाणं मांडणार आहे त्यात फिर्यादी मी आहेच, पण निम्म्या कलमांत आरोपीही मीच आहे, हे आधीच सांगून टाकते.

माझं म्हणणं लांबलचक नाही. माणसांना ताण सहन करायला शिकवणं थोडं बाजूला ठेवा आणि तो ताण तयार कुठे होतो ते बघा. तो बहुतेक वेळा रोस्टरमध्ये, तक्त्यांमध्ये, रजेच्या अर्जात आणि रात्री पाठवलेल्या एका ओळीच्या मेसेजमध्ये तयार होतो. या सगळ्या गोष्टी तुमच्या टेबलावरून जातात. श्वास मात्र आमचा आम्हाला घ्यायला सांगता.

२०२४ साली ऑक्सफर्ड विद्यापीठातले संशोधक विल्यम फ्लेमिंग यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ब्रिटनमधल्या २३३ संस्था, ४६,३३६ कर्मचारी. ताण-व्यवस्थापनाचे वर्ग, ध्यानाचे कार्यक्रम, खंबीरपणाची प्रशिक्षणं, मनःस्वास्थ्याची ॲप्स यांत भाग घेतलेले आणि न घेतलेले यांची तुलना केली, तर भाग घेतलेल्यांचं काही अधिक बरं चाललं आहे असं दिसलं नाही. जरा वेगळी निघाली ती एकच गोष्ट, स्वयंसेवी कामाची संधी. आता ही पाहणी आहे, प्रयोगशाळेतला प्रयोग नव्हे, त्यामुळे ध्यान निरुपयोगी असा निष्कर्ष मी काढणार नाही. मला स्वतःला त्याचा उपयोग होतो. पण तो घरी होतो, माझ्या वेळेत, कोणी हजेरी घेत नसताना. कामाच्या जागी तोच उपाय वाटला जातो तेव्हा ते दुखणं रेड्याला आणि औषध पखालीला असं होतं.

'बर्नआउट' हा शब्द आता इतका सैल झालाय की सोमवारी कंटाळा आला तरी लोक तो वापरतात. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने तो १९७४ मध्ये वापरला तेव्हा त्याच्यासमोर कामचुकार माणसं नव्हती. मोफत दवाखान्यांत जीव ओतून काम करणारी मंडळी होती. म्हणजे विझणारे ते, जे आधी पेटलेले होते. पुढे क्रिस्टिना मॅसलॅक यांनी तीन लक्षणं धरून त्याची मोजपट्टी तयार केली: आतून रिकामं होणं, समोरच्या माणसाबद्दल कोरडेपणा येणं आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटत राहणं. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या आपल्या अकराव्या वर्गीकरणात त्याची नोंद घेतली. आजार म्हणून नव्हे, कामाशी निगडित अवस्था म्हणून. तिथली व्याख्या साधारण अशी: कामाच्या जागचा दीर्घकाळ चाललेला, नीट हाताळला न गेलेला ताण. 'हाताळला न गेलेला' याचा कर्ता व्याख्येत दिलेला नाही. तो कर्ता कर्मचारीच, असं आपण सोयीने धरून चालतो.

कॉल ऐकताना मला त्यातलं दुसरं लक्षण सगळ्यात आधी कळतं. 'आपली अडचण मी समजू शकते' हे वाक्य आमच्याकडे प्रत्येकाला म्हणावं लागतं. नवी मुलं ते अडखळत म्हणतात, आणि त्या अडखळण्यात काहीतरी खरं असतं. वर्षभराने तेच वाक्य इतकं गुळगुळीत होऊन येतं की ऐकणारा आणखी चिडतो. आर्ली हॉक्शिल्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये याला नाव दिलं, भावनिक श्रम. विमानातल्या परिचारिका आणि थकबाकी वसूल करणारे लोक यांचं काम त्यांनी बारकाईने पाहिलं होतं. एकाने पगारासाठी हसायचं, दुसऱ्याने पगारासाठी दरडावायचं. हे श्रम कुठल्याही टाइमशीटवर चढत नाहीत. म्हणून दिवसाला ऐंशी कॉल घेणाऱ्याला आपण विचारतो, 'बसूनच तर काम आहे, दमलास कशाने?'

आता त्या हिरव्या बाटलीबद्दल.

तिच्यावर रेघा होत्या, कुठल्या तासाला कुठपर्यंत पाणी संपलं पाहिजे ते दाखवणाऱ्या. आणि आमच्या कामाची रीत अशी होती की जागेवरून उठायचं तर आधी स्क्रीनवर कोड टाकायचा. कोड टाकला की घड्याळ सुरू. ठरलेली मिनिटं संपली की माझ्या स्क्रीनवर त्या माणसाच्या नावाची पट्टी लाल. महिनाअखेर लाल पट्ट्यांची बेरीज अप्रेझलच्या कागदावर. काही वर्षांपूर्वी एका मुलीला मी कौतुकाने म्हटलं, "तुझी पट्टी कधीच लाल होत नाही, बरं का." ती म्हणाली, "मॅडम, मी शिफ्टला पाणीच पीत नाही." मी हसले. मला वाटलं, गंमत करतेय. पुढे मूत्रमार्गाच्या संसर्गाने ती आठवडाभर घरी होती. तिची रजा एका तक्त्यात गेली, लाल पट्ट्या दुसऱ्या तक्त्यात, आणि दोन्ही तक्ते मीच भरत होते. दोन्ही एकमेकांशेजारी ठेवून बघावेत असं माझ्या डोक्यात आलं नाही.

कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेली गोष्ट मला फार उशिरा वाचायला मिळाली. कामाचा रेटा मोठा असला तरी तो कसा पेलायचा हे ठरवणं हातात असेल तर माणूस त्यात वाढतोही. रेटा मोठा आणि हातात काहीच नाही, ही जोडी मात्र माणसाला खाते. ब्रिटनच्या सरकारी नोकरांवर १९६७ पासून झालेला 'व्हाइटहॉल' अभ्यास प्रसिद्ध आहे. मोठ्या साहेबाच्या डोक्यावर जबाबदाऱ्या जास्त, म्हणून हृदयविकारही त्यालाच जास्त, असा तेव्हा सर्रास समज होता. निघालं उलटं. हुद्द्याच्या उतरंडीत जो खाली, त्याचं हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण जास्त, आणि धूम्रपान, रक्तदाब वगैरे हिशेबात धरूनही फरक पूर्ण मिटत नव्हता. १९८५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या फेरीत मायकेल मार्मट आणि सहकाऱ्यांनी १०,३०८ जणांना पाहिलं, आणि आपल्या कामावर आपला ताबा कमी असणं हे हृदयविकाराशी जोडलेलं दिसलं. तेव्हा लघवीला जायची परवानगी ही किरकोळ बाब समजू नका.

आम्ही काय केलं तेही सांगते, कारण नुसतं रडगाणं वाचायला तुम्हाला वेळ नसेल. लाल रंग काढून टाकला. आठ-आठ जणांचे गट केले आणि एवढंच सांगितलं की एका वेळी गटातले दोघांपेक्षा जास्त उठू नका, बाकी तुमचं तुम्ही ठरवा. पहिल्या आठवड्यात सगळे मनसोक्त उठले. मला घाम फुटला, वरून दोनदा फोन आला. दुसऱ्या आठवड्यात ते आपोआप जाग्यावर आलं. गटातल्या गटातच लोक एकमेकांना सांभाळून घ्यायला लागले, आणि जो गैरफायदा घ्यायचा त्याला मी नव्हे, शेजारचा बोलायला लागला. एक पैसा खर्च झाला नाही. म्हणूनच कदाचित त्याचा फोटो कुठल्या अहवालात आला नाही.

रोस्टर हा माझा दुसरा गुन्हा, आणि तो अनेक वर्षांचा. पुढच्या सोमवारपासूनचं रोस्टर मी शुक्रवारी रात्री टाकायचे. का, तर वरून आकडे उशिरा यायचे. खरं सांगायचं तर ते लवकर आले असते तरी मी शुक्रवारीच टाकलं असतं. आधी टाकलं की लोक बदल मागत बसतात. या दोन दिवसांच्या अंदाजावर कोणी दवाखान्याची वेळ घेऊ शकत नाही, मुलाच्या शाळेत जाऊ शकत नाही, संध्याकाळचा अभ्यासवर्ग लावू शकत नाही. आणि रिकामी जागा राहिली की मी तिथे, जो कधीच 'नाही' म्हणत नाही त्याचं नाव टाकायचे. असा एक जण प्रत्येक विभागात असतो. आपण त्याला 'भरवशाचा' म्हणतो, आणि तो राजीनामा देतो तेव्हा आपल्याला अनपेक्षित धक्का बसतो.

युरोपीय महासंघाच्या कामाच्या वेळेविषयीच्या नियमात प्रत्येक चोवीस तासांत सलग अकरा तासांची विश्रांती बंधनकारक आहे. रात्री अकराला सुटलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी सातला हजर, हे त्यात बसत नाही. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीला 'बहुधा कर्करोगजनक' या गटात ठेवलं आहे. रात्रपाळी बंद करा असं मी म्हणत नाही. दवाखाने, वीज, फोन रात्री चालूच राहणार. पण जी गोष्ट शरीरावर इतकी भारी पडते ती किमान महिनाभर आधी कळावी, सलग किती रात्री याला मर्यादा असावी आणि रात्रपाळीनंतरचा दिवस प्रशिक्षण, सत्र, मीटिंग यांच्यासाठी कोणी मागू नये, एवढं तर होऊ शकतं. अमेरिकेत 'गॅप' या कपड्यांच्या साखळीतल्या काही दुकानांत शिफ्ट स्थिर आणि आधी कळतील अशा लावून पाहिल्या. २०१८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. अशा दुकानांची विक्री सुमारे ७ टक्क्यांनी वाढली होती. तुम्हाला आकड्यांशिवाय करमत नाही हे माहीत आहे, म्हणून हा मुद्दाम दिला.

कामाच्या तासांबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यात नवीन काही नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा पहिलावहिला करार १९१९ चा, दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांचा, तोही कारखान्यांसाठी. त्याच संघटनेने आणि जागतिक आरोग्य संघटनेने मिळून २०२१ मध्ये सांगितलं की आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. तरीही 'उशिरापर्यंत थांबतो' हे आपण अप्रेझलमध्ये गुण म्हणून लिहितो. मी लिहिलं आहे. अनेकदा.

मात्र तास मोजताना एक गोष्ट सुटते. माणूस घरी असतो आणि तरी कामावरच असतो. मला सवय होती, रात्री झोपण्याआधी दुसऱ्या दिवशीची यादी करायची आणि आठवेल तसे मेसेज टाकायचे. त्यातलाच एक: 'उद्या जरा बोलायचंय.' मला बोलायचं होतं ते नव्या शेल्फबद्दल. तो कुठे लावायचा, फाइली कोणत्या ठेवायच्या. ज्याला पाठवला तो मुलगा सकाळी डोळे लाल करून आला. रात्रभर त्याने गेल्या दोन महिन्यांतल्या सगळ्या चुका आठवून काढल्या होत्या, आणि बायकोला सांगूनही टाकलं होतं की बहुतेक नोकरी गेली. मी त्याला शेल्फबद्दल विचारलं तेव्हा तो खुर्चीत बसला आणि काही वेळ बोललाच नाही.

फ्रान्समध्ये २०१७ पासून पन्नास किंवा अधिक माणसं असलेल्या कंपन्यांना, कामाच्या वेळेबाहेर संपर्कात नसण्याच्या हक्काबद्दल कर्मचाऱ्यांशी वाटाघाटी कराव्या लागतात. कायदा होईल तेव्हा होईल. तोपर्यंत दोन साध्या गोष्टी मी पाळते. रात्री सुचलं तर मेसेज लिहून सकाळी नऊची वेळ लावून ठेवते. फोनला ते येतं. आणि वाक्य अर्धं ठेवत नाही. 'उद्या शेल्फबद्दल बोलू, घाई नाही.' दोन शब्द जास्त लागतात, समोरच्याची एक रात्र वाचते. तुमच्या हुद्द्याची माणसं तीन शब्दांचे मेसेज पाठवण्यात पटाईत असतात. तुम्हाला ते आटोपशीर वाटतं. खाली येईपर्यंत त्याचा अर्थ काय काय होतो, ते एकदा विचारून बघा.

आता रजा. या पत्राचं शीर्षक ज्यावरून आलं ते.

आमच्या रजेच्या अर्जात 'कारण' असा रकाना आहे. एका वर्षी एका सहकारिणीने दोन दिवसांची रजा टाकली, कारण लिहिलं: पोटदुखी. महिन्यात दुसऱ्यांदा होती, आणि नेमकी महिनाअखेर. मी तिला डॉक्टरांचं प्रमाणपत्र मागितलं. नियमात बसत नव्हतं. दोन दिवसांना लागत नाही. पण मला संशय होता, आणि माझा संशय मी नियमाच्या भाषेत लिहिला. तिने प्रमाणपत्र आणून दिलं, घडी घालून, पाकिटात. मी ते न उघडता फाइलला लावलं. मला कागद हवा होता, वाचायचा थोडाच होता. साधारण दोन वर्षांनी तिने नोकरी सोडली. निरोपाच्या दिवशी, सगळे पांगल्यावर, तिने मला सांगितलं की तेव्हा तिचा गर्भपात झाला होता. चौथा महिना होता. ती रागावून बोलत नव्हती. म्हणाली, "तुम्ही पाकीट उघडलं असतं तर मला सांगावं लागलं नसतं, म्हणून दिलं होतं."

मी घरी जाऊन बराच वेळ त्या पाकिटाचा विचार करत बसले.

यात मी निर्दय होते असं तुम्ही म्हणाल, किंवा नियमच तसा होता असं म्हणाल. दोन्ही थोडं थोडं खरं. पण आज विचार करते तेव्हा वाटतं, तो रकानाच माणसाला खोटं बोलायला लावतो. ज्याचं दुःख सांगण्यासारखं नसतं तो 'पोटदुखी' लिहितो. ज्याचं मन थाऱ्यावर नाही तो 'ताप' लिहितो, कारण तापाला कोणी नावं ठेवत नाही. ज्याच्या घरात भांडण विकोपाला गेलंय तो 'घरगुती' लिहितो. मग आपण त्या खोट्या कारणांचा वर्षाचा तक्ता काढतो आणि म्हणतो, आपल्याकडे मानसिक ताणाचं प्रमाण नगण्य आहे. नगण्यच असणार, तो शब्द लिहिण्याची कोणाची छाती आहे?

समुपदेशनाची हेल्पलाइन तुम्ही सुरू केली आहे, हे मी विसरलेली नाही. तिचा नंबर वॉशरूमच्या दारामागे लावलाय. मला लोक विचारतात ते एवढंच: फोन केला तर साहेबांना कळेल का? या प्रश्नाला मला स्वतःला ठाम उत्तर देता येत नाही, कारण मला कोणी दिलेलं नाही. कोणती माहिती कोणाकडे जाते, हे एका पानावर साध्या भाषेत लिहून, सही करून लावा. नंबर हवा तर त्यानंतर लावा.

आणि परत येण्याचं काय? आईवडील गेलेला, मोठं आजारपण काढलेला माणूस परत येतो तेव्हा आपण दोन गोष्टींपैकी एक करतो. एक तर काहीच न घडल्यासारखं त्याला पूर्ण टार्गेट देतो, नाहीतर त्याला काचेचं भांडं समजून त्याच्याशी कुजबुजत बोलतो. एका सहकाऱ्याने मला सांगितलं होतं की वडील गेल्यावर परत आल्याच्या पहिल्या दिवशी त्याला सगळ्यात बरं वाटलं ते एकाने विचारलं तेव्हा: "आज कॉल घेशील की मागचं कागदांचं काम करशील? दोन्ही चालेल." सांत्वनाचं एकही वाक्य नव्हतं त्यात. निवड होती. त्याच महिन्यात पगाराच्या कागदावर त्याचा हजेरीचा बोनस कापलेला निघाला, कारण सिस्टीमला वडील नसतात. तो परत मिळवायला मला चार मेल आणि दीड महिना लागला.

चुकांबद्दल थोडं. हार्वर्डच्या एमी एडमंडसन रुग्णालयांतल्या गटांवर काम करत असताना त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. जिथे नेतृत्व चांगलं आणि आपसातले संबंध चांगले, तिथे औषधांच्या चुका जास्त नोंदल्या जात होत्या. चांगल्या गटाच्या हातून चुका जास्त कशा? उलगडा असा की तिथे लोक चुका सांगत होते. बाकी ठिकाणी लपवत होते. १९९९ मधल्या त्यांच्या शोधनिबंधाने 'मानसिक सुरक्षितता' हा शब्द रूढ केला, आणि आता तो तुमच्या प्रत्येक प्रेझेंटेशनमध्ये असतो. प्रेझेंटेशन संपलं की पहिल्याच चुकीला 'कारणे दाखवा' नोटीस निघते. आमच्याकडे एकदा परताव्याची एक यादी चुकीची गेली. ज्याच्या हातून गेली त्याला त्याच दुपारी कळलं होतं. त्याने सांगितलं चौथ्या दिवशी. पहिल्या दिवशी निस्तरायला तासभर लागला असता, चौथ्या दिवशी तीन विभागांचे दोन आठवडे गेले. त्याला नोटीस देण्यात आली. नोटिशीत विचारलं होतं, वेळीच का कळवले नाही? याचं उत्तर ती नोटीसच होती, पण तसं लिहिण्याची सोय नव्हती.

ग्राहकांच्या शिव्या हा आमच्या कामाचा भागच समजला जातो. तो तसा नाही. कामाच्या जागची हिंसा आणि छळ यांविरुद्धचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९० क्रमांकाचा करार २०१९ मध्ये झाला, जून २०२१ पासून लागू आहे, आणि त्यात मानसिक इजा येते, बाहेरच्या माणसाकडून होणारा त्रासही विचारात घ्यायला सांगितलं आहे. आमच्या मुलींना शिव्या खाताखाता फोन चालू ठेवावा लागे, कारण फोन ठेवायला माझी परवानगी लागे आणि मी दुसऱ्या फोनवर असे. आता दोनदा सौम्य शब्दांत बजावायचं आणि तिसऱ्यांदा ठेवून द्यायचा. विचारायचं नाही, नंतर नोंद करायची. हे मंजूर व्हायला अकरा महिने लागले. वरच्यांना भीती होती की लोक ऊठसूट फोन ठेवतील. कोणी ठेवत नाही. ठेवता येतो एवढं माहीत असलं की पुरतं.

एक बाजू माझ्यासारख्यांचीही आहे, ती दोन ओळींत सांगते. जो उत्तम कॉल घेतो त्याला एका सोमवारी पर्यवेक्षक करता. माणसं कशी सांभाळायची हे त्याला कोणी शिकवत नाही, वरून आकड्यांचा रेटा, खालून गाऱ्हाणी, आणि त्याच्या हातात देता ती फक्त लाल पट्टी. मग तो ती वापरतो.

आता तुमचा ठरलेला प्रश्न: हे सगळं करायचं तर काम कोण करणार? ब्रिटनमध्ये २०२२ मध्ये, 'चार दिवसांचा आठवडा' या प्रयोगात, ६१ कंपन्यांनी सहा महिने पगार न कापता आठवड्याचे तास कमी करून पाहिले, जवळपास २,९०० कर्मचारी होते. प्रयोग संपल्यावर ५६ कंपन्यांनी ते पुढे चालू ठेवलं. या कंपन्या आपणहून आलेल्या होत्या, तेव्हा सगळीकडे असंच होईल असं मी म्हणणार नाही. चोवीस तास चालणाऱ्या आमच्यासारख्या विभागात तर ते सरळ उचलून लावताच येणार नाही. पण मला त्यात रस आहे तो वेगळ्याच कारणाने. तास कमी करायचे म्हटल्यावर त्यांना आधी बसून बघावं लागलं की आपण दिवसभर नेमकं करतो काय, कुठल्या मीटिंग फुकट जातात, कुठला अहवाल कोणीच वाचत नाही. ते बसून बघणं फुकट आहे, आणि त्याला चार दिवसांचा आठवडा लागत नाही.

माझी विनंती तेवढीच आहे. पुढच्या स्वास्थ्य सप्ताहाचं बजेट मंजूर करण्याआधी एक संपूर्ण शिफ्ट आमच्यासोबत बसा. पाहुणे म्हणून नको. हेडसेट लावून, कोड टाकून उठत, ठरलेल्या ब्रेकमध्ये. मग मागच्या सहा महिन्यांची रोस्टरं मागवा आणि सलग अकरा तासांची विश्रांती किती वेळा मोडली ते स्वतः पेन घेऊन मोजा. बाटल्या तुम्ही वाटल्यात त्या चांगल्या आहेत, आता पाणीही प्यायलं जातं.

राहता राहिला तो रकाना. तो काढून टाकावा म्हणून मी मनुष्यबळ विभागाला दोनदा लिहिलं. दोन्ही वेळा उत्तर आलं की सॉफ्टवेअरमध्ये तो भरणं बंधनकारक आहे, रिकामा ठेवला तर अर्ज पुढे जात नाही. म्हणून आम्ही आमच्या विभागापुरता मार्ग काढला आहे. गेल्या वर्षापासून आमच्याकडचे सगळे जण, मीसुद्धा, त्या रकान्यात एकच शब्द लिहितो. रजेचं कारण: रजा. मी मंजूर करते.

कळावे,
आपली,
एक पर्यवेक्षक